चाळीस मीटरच्या खाली

फ्लोरिडाच्या वायव्य टोकाला पेन्साकोला नावाचं नौदलाचं गाव आहे. तिथल्या खाडीतून बाहेर पडून आग्नेयेला बावीसेक सागरी मैल गेलं की पाण्याखाली एक विमानवाहू जहाज उभं आहे. त्याचं नाव यूएसएस ओरिस्कनी. कोरिया आणि व्हिएतनाम, दोन्ही युद्धं पाहिलेलं हे जहाज अमेरिकेच्या नौदलाने १७ मे २००६ रोजी मुद्दाम स्फोटकं लावून बुडवलं, माशांना घर व्हावं म्हणून. ३७ मिनिटांत ते तळाला गेलं आणि नशिबाने आडवं न होता सरळ बसलं. समुद्राचा तळ तिथे सुमारे ६५ मीटरवर आहे. विमानं उतरायची तो सपाट डेक ४४ मीटरवर आणि मनोऱ्याचं टोक पंचवीस-सव्वीस मीटरवर. हौशी पाणबुड्यांना शिकवणाऱ्या संस्था ४० मीटरची मर्यादा घालून देतात. त्यामुळे साधी टाकी पाठीवर घेऊन जाणारा माणूस मनोऱ्याभोवती फिरून वर येतो. डेक त्याला खाली स्पष्ट दिसत असतो, पण तिथे उतरायचं तर वेगळे वायू, वेगळं प्रशिक्षण आणि वर येताना थांबत थांबत घालवायचा वेळ, असा सगळा संसार लागतो.

मी ज्या माशाच्या मागे लागले होते, त्याला या मर्यादेचं काही सोयरसुतक नाही.

लायनफिश मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागरातला. लक्षद्वीपला, अंदमानला प्रवाळात तो असतो आणि तिथे त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. तांबडे-पांढरे पट्टे, पसरलेले लांब पर, पाठीवर, पोटाखाली आणि शेपटीकडे मिळून १८ विषारी काटे. अटलांटिकमध्ये त्याची पहिली खात्रीची नोंद १९८५ ची, फ्लोरिडातल्याच डेनिया बीचजवळची. १९९२ च्या अँड्र्यू वादळात कुणाच्या तरी घरातली काचेची टाकी फुटली आणि त्यातले मासे समुद्रात गेले, ही गोष्ट इथले लोक अजून रंगवून सांगतात. गोष्ट छान आहे, पण नोंद वादळाच्या सात वर्षं आधीची आहे. हौसेने आणलेले मासे टाकीतल्या बाकीच्यांना खाऊ लागले आणि मालकांनी ते गुपचूप समुद्रात सोडले, हे कंटाळवाणं उत्तरच खरं असावं. पुढे २००० सालानंतर ते कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर दिसू लागले, २००४ च्या सुमारास बहामात आणि २०१० मध्ये आमच्या, म्हणजे मेक्सिकोच्या आखाताच्या उत्तर भागात. मीही त्याच सुमारास इथे एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनच्या कामावर रुजू झाले. मी रत्नागिरीची. तेव्हा ‘तुम्ही दोघंही एकाच समुद्रातून आलात’ हा विनोद मी इथल्या प्रत्येक जेवणावळीत ऐकलेला आहे.

हा मासा इथे एवढा माजला याचं कारण त्याच्या काट्यांपेक्षा त्याच्या शिकारीत आहे. इथल्या लहान माशांच्या पिढ्यान्‌पिढ्यांत असा शत्रू कुणी पाहिलेला नाही, म्हणून ते पळत नाहीत. हा सावकाश जवळ जातो, पर पसरून त्यांना कोपऱ्यात कोंडतो, तोंडातून पाण्याची चिळकांडी मारून त्यांचं तोंड आपल्याकडे वळवतो आणि गिळतो. मार्क आल्बिन्स आणि मार्क हिक्सन या दोघांनी बहामाजवळच्या लहान खडकांवर प्रयोग केला होता. त्यांच्या २००८ च्या निबंधानुसार, लायनफिश असलेल्या खडकांवर नव्या पिलांची भर पाच आठवड्यांत सरासरी ७९ टक्क्यांनी कमी पडली. त्यात मादी दर तीन-चार दिवसांनी अंडी घालते. वर्षाला वीस लाखांच्या घरात.

फ्लोरिडाने त्याच्या शिकारीला कायद्याचे सगळे दरवाजे उघडून ठेवलेत. कितीही मारा, कुठल्याही मापाचा मारा. पाणबुडे भाले घेऊन उतरतात, स्पर्धा होतात, बक्षिसं लागतात, काही हॉटेलं पौंडाला पाच-सहा डॉलर देऊन मासा घेतात. आणि याचा परिणाम होतो, हे मी प्रत्यक्ष पाहिलंय. जिथे नेमाने शिकार होते ती जागा काही काळ मोकळी राहते. पण जेम्स मॉरिस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये गणित मांडून दाखवलं की लायनफिशची संख्या खरोखर उतरवायची तर प्रौढ माशांपैकी सुमारे २७ टक्के दर महिन्याला काढावे लागतील. दर महिन्याला! आणि भाला पोचतो तो माणसाचा हात पोचतो तिथवर. संशोधकांच्या पाणबुडीतून हे मासे ३०० मीटरपर्यंत दिसलेत. खोलवरचे बहुधा आकाराने मोठे, आणि मोठ्या मादीची अंडीही जास्त. वरचा मजला रोज झाडायचा आणि तळघराकडे बघायचंच नाही, तसलं हे काम.

मला पाण्याखाली जाता येत नाही. कानाचा जुना त्रास आहे. त्यामुळे यंत्र करण्याची कल्पना माझ्या दृष्टीने अगदी सरळ होती. जिला ते सुचवायचं श्रेय द्यायला हवं ती माझी मुलगी. तिच्या शाळेत ‘सीपर्च’ नावाचा उपक्रम होता. नौदलाच्या संशोधन विभागाच्या पाठबळावर तो देशभर चालतो. मुलांना प्लंबिंगचे पीव्हीसी पाइप, तीन छोट्या मोटारी आणि एक वायर देतात आणि पाण्याखाली चालणारं यंत्र करायला लावतात. मोटार पाण्यापासून वाचवायची कशी? पूर्वी फोटोच्या फिल्मचा रोल ज्या डबीत यायचा तसल्या डबीत ती बसवायची आणि डबी मेणाने भरायची. मेण कुठलं, तर संडासाचं भांडं बसवताना त्याच्या खाली जे मऊ मेणाचं कडं घालतात, ते. मला त्या मेणाने जिंकलं. पंधरा वर्षं मी ज्या कारखान्यांत काम केलं तिथे अशा एका सीलला शेकडो डॉलर मोजतात.

अर्थात पोहण्याच्या तलावातलं यंत्र आणि ६५ मीटरवर जाणारं यंत्र यांचं नातं फार लांबचं आहे. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या नळीचं झाकण १० सेंटिमीटर व्यासाचं होतं. ६५ मीटरवर तेवढ्याशा झाकणावर पाचेकशे किलोचा भार येतो. मेणाची डबी तिथे टिकत नाही. पीव्हीसीचा सांगाडा आम्ही ठेवला, पण नळी जाड अ‍ॅक्रिलिकची घेतली, झाकणं अ‍ॅल्युमिनियमची, दुहेरी ओ-रिंगची. मोटारींवर मात्र हात सैल सोडला. २०१४ नंतर पाण्यातच उघड्या चालणारे ब्रशलेस थ्रस्टर हौशी लोकांना परवडतील अशा किमतीत मिळू लागले होते. त्यांत मोटार पाण्यापासून वाचवायची भानगडच नाही. पाणी सरळ आतून खेळतं, फक्त तारांवर लेप असतो. तसे सहा घेतले. कारखान्यातून कुणी काही मोफत दिलं नाही, पण भंगारातला एक प्रेशर ट्रान्समीटर मिळाला आणि तो अजून बरोबर खोली दाखवतो.

२०१६ च्या उन्हाळ्यात बाबा आले होते. बाबांनी मिरकरवाड्याच्या धक्क्यावर ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म काढला. फ्लोरिडात त्यांचा वेळ जाईना. टीव्ही समजत नाही, चालत जायला रस्ता नाही, शेजारी फक्त हात हलवतात. मग ते गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसू लागले. पहिले काही दिवस नुसते बघत होते. मग एकदा मी ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस फासत असताना म्हणाले, “किती फासशील? ग्लँडला ग्रीस लावतात ती सरकायला. पाणी ग्रीस नाही अडवत, रिंग अडवते. पूस ते.”

मी पुसलं. खोबणीत केस, तंतू, वाळूचा कण राहिला की तिथूनच पाणी शिरतं, आणि जास्तीची ग्रीस हे सगळं गोळा करून ठेवते. पुस्तकात हेच लिहिलेलं असतं, पण ते वाचून हात बदलत नाही.

“बाबा, आता हे शंभर टक्के कोरडं राहील,” मी नळी बंद करून म्हटलं.

“अगं, असं बोलू नये. पाणी येणार. किती येईल, कुठे साठेल नि तुला कधी कळेल, ते बोल.”

ट्रॉलरच्या तळाशी पाणी असतंच. मेकॅनिकचं काम ते शून्यावर आणायचं नसतं, पंप चालू ठेवायचं असतं. हा विचार मी तसाच उचलला. नळीच्या सर्वांत खालच्या भागात दोन तारांची टोकं स्पंजात खोवून ठेवली. स्पंज ओला झाला की वर लॅपटॉपवर लाल अक्षरं येतात. सर्किट बोर्ड नळीच्या वरच्या अर्ध्यात बसवले, म्हणजे कपभर पाणी शिरलं तरी त्यांच्यापर्यंत जायला वेळ लागेल. आणि प्रत्येक बुडीआधी नळीतली हवा हातपंपाने ओढून काढायची. मोटारीच्या ब्रेकमधली हवा काढायला गॅरेजवाले वापरतात तोच पंप. काट्यावर दहा इंच पाऱ्याइतका निर्वात करायचा, पंधरा मिनिटं ठेवायचा. काटा हलला नाही तरच यंत्र पाण्यात. त्या पंधरा मिनिटांत बाबा काट्यासमोरून उठत नसत.

तरंगण्याचं कोडंही त्यांनीच सोडवलं. यंत्राने पाण्यात ना वर यावं, ना खाली जावं, जिथे ठेवू तिथे राहावं. त्यासाठी शाळेतली मुलं तलावात वापरायच्या फोमच्या रंगीत नळ्या कापून बांधतात. त्या फोममध्ये हवेचे मऊ बुडबुडे असतात. वीस मीटरवर ते दबतात, तरंगण्याचा जोर कमी होतो, यंत्र खाली जातं, आणखी दबतं, आणखी जोरात खाली जातं. यावर उपाय म्हणून काचेच्या सूक्ष्म गोळ्या घातलेला टणक फोम मिळतो, पण त्याची किंमत बघून मी दुकानाचं पान बंद केलं. बाबा म्हणाले, “जाळ्याचे गोळे घे.” ट्रॉलच्या जाळ्याचं तोंड उघडं राहावं म्हणून वरच्या दोराला टणक प्लास्टिकचे पोकळ गोळे लावतात. ते शेकडो मीटरसाठीच केलेले असतात आणि मासेमारीच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळतात. पेन्साकोलातही मिळाले. आमचं यंत्र त्यामुळे दिसायला फार विचित्र झालं. दोन नारिंगी गोळे डोक्यावर, खाली पांढरे पाइप. मुलीने त्याला गॉगल लावलेल्या बेडकाचं स्टिकर चिकटवलं आणि घरात त्याचं नाव बेडूक पडलं.

आता मासा धरायचा कसा?

भाला हे पहिलं उत्तर. पण पाण्यात अधांतरी असलेल्या यंत्राने स्प्रिंगचा भाला सोडला की भाला पुढे जातो आणि यंत्र मागे. शिवाय एक मासा टोचला की तो भाल्यावरून काढायला यंत्र वर आणायचं, पुन्हा खाली न्यायचं. ४४ मीटरवरून हा खेळ परवडत नाही. विजेचा धक्का देऊन बेशुद्ध करणं हे दुसरं. तेव्हा आयरोबॉट कंपनीत असलेले कॉलिन अँगल यांनी काढलेल्या एका संस्थेने तेच केलं. त्यांचं ‘गार्डियन’ नावाचं यंत्र एप्रिल २०१७ मध्ये बर्म्युडात लोकांसमोर आणलं गेलं. दोन पट्ट्यांमध्ये मासा आला की वीज सोडायची आणि सुन्न झालेला मासा आत ओढून घ्यायचा. घरगुती गॅरेजमध्ये खारं पाणी आणि वीज एकत्र आणायची माझी तयारी नव्हती, आणि घरच्यांची तर अजिबातच नव्हती. उरलं शोषण. एक रुंद नळी, तिच्या मागच्या टोकाला जाळीमागे एक थ्रस्टर, पुढच्या तोंडाला रबराचा चिरे पाडलेला पडदा, म्हणजे आत गेलेला मासा परत फिरणार नाही. पाणबुडे मारलेले लायनफिश ज्या नळकांड्यात ठेवतात त्याचं तोंडही असंच असतं. काटे हाताला लागू नयेत म्हणून. असलं नवं साधन पाण्यात नेताना परवानगी आधी लेखी विचारून घ्यावी लागते, ती घेतली.

शोषणात एक मोठी अडचण आहे आणि ती पाण्याच्या स्वभावातच आहे. नळीतून पाणी बाहेर फेकलं तर त्याची धार लांबवर जाते, पण आत ओढलं तर ते सगळ्या बाजूंनी येतं. तोंडापासून नळीच्या व्यासाएवढ्या अंतरावर ओढीचा वेग तोंडापाशी असतो त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी होतो. म्हणजे मासा जवळपास नळीला चिकटलेला असेल तरच आत येणार. दुसरा कुठलाही मासा एवढ्या जवळ येऊ देणार नाही. लायनफिश देतो. त्याला पळायची सवयच नाही. बेडूक समोर आला की तो काटे उभारतो, हळूच वळून पाठ समोर करतो आणि तिथेच तरंगत राहतो. त्याचा सगळा भरवसा काट्यांवर. इथल्या पाण्यात त्याच्यावर सहसा कुणी झडप घालत नाही, म्हणून तो निर्धास्त. आणि त्याच भरवशामुळे तो माझ्या दुबळ्या पंपाच्या तोंडाशी थांबला. पण शेपटीकडून गेलं की पसरलेले पर नळीच्या काठाला अडकतात. डोक्याकडून गेलं तर ते मिटून सरळ आत जातात. म्हणजे तो पाठ वळवणार आणि आपण त्याच्या तोंडाकडे फिरून जायचं.

पहिल्यांदा ओरिस्कनीवर गेलो तो दिवस सप्टेंबरमधला, समुद्र सपाट. बोट एका कॅप्टनची. हा गृहस्थ आठवड्याचे सहा दिवस पर्यटकांना मासेमारीला नेतो आणि सातव्या दिवशी स्वतःसाठी भाला घेऊन उतरतो. बेडूक पाहून तो मोठ्याने हसला, आणि मग लगेच त्याने विचारलं, “केबल किती? शंभर मीटर? वरच्या प्रवाहात तिचं काय होईल?” हा प्रश्न विचारणारा माणूस आपला, हे मला तेव्हाच कळलं. पाण्याखाली रेडिओ चालत नाही, जीपीएस चालत नाही. सगळं बोलणं केबलमधून. यंत्राला जेवढा प्रवाह लागतो त्याच्या कितीतरी पट लांब केबलला लागतो. ती वाकते, फुगते, आणि थ्रस्टरचा जोर आपलं काम करण्यात न जाता तिला ओढण्यात जातो. म्हणून आधी एका दोराला शिशाचं वजन बांधून खाली सोडायचं, केबल त्या दोराला जागोजाग अडकवायची आणि वजनाच्या पुढे फक्त पंधरा-वीस मीटर मोकळी ठेवायची. कॅप्टनने हे त्याच्या नांगराच्या दोरावर करून दाखवलं.

वीस मीटरनंतर पडद्यावरून लाल रंग गेला. पाणी सर्वांत आधी लाल प्रकाश खातं. जो मासा मत्स्यालयात तांबडा भडक दिसतो तो तिथे काळपट करडा. मनोरा दिसला, त्याच्यावरची शिडी दिसली, आणि मग दिवे लावले तेव्हा गंजलेल्या पोलादावर उगवलेल्या स्पंजांचे नारिंगी, जांभळे रंग एकदम उमटले. बोटीवर आम्ही तिघं लॅपटॉपला टॉवेलचा आडोसा करून डोकी एकत्र करून बसलेलो.

आणि मग होकायंत्र वेडं झालं. यंत्राला दिशा धरून ठेवायला आत इलेक्ट्रॉनिक होकायंत्र असतं. डेकच्या पाच मीटरवर आलो तशी उत्तर दिशा फिरू लागली. खाली सुमारे २७० मीटर लांबीचं लोखंड. या गोष्टीचा अंदाज होता, पण इतकं होईल असं कागदावर दिसत नव्हतं. स्वयंचलित दिशा बंद केली. त्यानंतर केवळ खोलीचा आकडा आणि कॅमेरा. डेकची कड उजवीकडे ठेवायची आणि तिच्या बाजूने जायचं. आंधळा भिंतीला हात लावून जातो त्या रीतीने मुलगी बेडूक चालवत होती, व्हिडिओ गेमचं रिमोट तिच्या हातात माझ्यापेक्षा बरं बसतं.

डेकच्या कडेखाली, वर छप्पर आणि खाली निळं रिकामं, तिथे ते होते. एक नव्हे, ओळीने, काही चक्क उलटे, पोट पोलादाकडे करून. दिवसा ते असे आडोशाला असतात. वर मनोऱ्यावर आम्हाला त्या दिवशी दोन-तीनच दिसले होते. तिथे त्याच आठवड्यात पाणबुड्यांनी हात फिरवला होता. कॅप्टन म्हणाला, “मी या जहाजावर किती वर्षं उतरतोय, आणि हे सगळे कायम माझ्या पायाखाली बसलेले.” 

पहिला मासा नळीत गेला तेव्हा बोटीवर जो आरडाओरडा झाला तो मी लिहून दाखवू शकत नाही. दुसऱ्याचे पर अडकले. तिसरा गेला. मग स्पंजाचा तुकडा पडद्यात अडकून पंप दमला. बॅटरी अर्ध्यावर आली तेव्हा वर आणलं. नळीतले मासे हातमोजे घालून, कात्रीने आधी काटे कापून काढले. बोटीवर गरम पाण्याचा थर्मास तयार होता. या माशाचं विष प्रथिनाचं असतं, उष्णतेने मोडतं. काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात हात बुडवतात. त्या दिवशी थर्मासचा उपयोग चहालाच झाला. विष काट्यांतच असतं, मांसात नाही. घरी आल्यावर रवा लावून तळला. पांढरा, घट्ट, फारसा वास नसलेला मासा. फोनवर बाबांना सांगितलं तर त्यांचा एकच प्रश्न: “आमसूल घातलंस का?”

यंत्राने स्वतःच मासा ओळखून स्वतःच निर्णय घ्यावा, असं मला पुष्कळांनी सुचवलं. अशक्य नाही ते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीने २०१५ मध्ये ‘कॉट्सबॉट’ केला. ग्रेट बॅरिअर रीफवर प्रवाळ खाणारा काटेरी तारामासा कॅमेऱ्याने ओळखायचा आणि त्याला पित्तक्षारांचं इंजेक्शन द्यायचं. पण तारामासा तळाला बसलेला असतो आणि त्याच्यासारखं दिसणारं तिथे फारसं काही नसतं. इथे आखातात लायनफिशचे स्थानिक भाऊबंद आहेत. ठिपक्यांचा स्कॉर्पियनफिश त्याच कपारीत, तसाच काटेरी, करड्या उजेडात तसाच दिसतो. तो इथला आहे, त्याला हात लावायचं कारण नाही. शंभरात पाच चुका हे आकडे परीक्षेत ठीक. जहाजाच्या कडेखाली त्या पाच चुका म्हणजे पाच मासे. म्हणून पंपाचं बटण दाबणारा अंगठा माणसाचाच ठेवला. यात मला संशोधनाची हौस नाही असं काहींना वाटलं. वाटू दे.

हिशेबाचं बोलायलाच हवं. चांगला पाणबुडा मनोऱ्यासारख्या ठिकाणी एका बुडीत डझनांनी लायनफिश काढतो. बेडूक एका बॅटरीत हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे काढतो. बोटीचं डिझेल, बॅटरी, तुटलेले पंखे धरले तर त्या माशाचा भाव ऐकून रत्नागिरीचा सुरमईवालाही लाजेल. उथळ पाण्यात तर असलं यंत्र चालवणं मला शुद्ध खुळेपणा वाटतो. तिथे भाला स्वस्त, वेगवान आणि अचूक आहे. वर्तमानपत्रांत अशा यंत्रांबद्दल ‘आता लायनफिशचं काही खरं नाही’ थाटाचे मथळे येतात तेव्हा मला ते २७ टक्के आठवतात. आमच्यासारखी यंत्रं शंभर झाली तरी आखात मोकळं होणार नाही. पण ४० मीटरच्या खाली, जिथे माणूस क्वचितच जातो, तिथे तुलना भाल्याशी नसते. तिथे आधी जवळजवळ शून्य होतं.

आणि मग गंमत झाली. २०१७ च्या ऑगस्टपासून उत्तर आखातातल्या लायनफिशच्या अंगावर व्रण दिसू लागले. त्वचा सडल्यासारखी, कधी खाली स्नायू उघडे. पुढच्या वर्षभरात इथल्या कृत्रिम खडकांवर त्यांची संख्या झपाट्याने घसरली. बाजारातही मासा कमी येऊ लागला. आम्ही सगळ्यांनी मिळून कधी केलं नसतं एवढं काम कुठल्यातरी रोगाने करून टाकलं. कॅप्टन वैतागला होता, कारण हॉटेलं त्याच्याकडे लायनफिश मागत होती आणि त्याच्याकडे नव्हता. मी वैतागले होते, कारण बेडूक नुकता कुठे नीट चालू लागला होता.

त्या वर्षी आम्ही शोषणाची नळी काढून ठेवली. तिच्या जागी दोन छोटे लेझर बरोबर १० सेंटिमीटर अंतरावर समांतर बसवले. माशाच्या अंगावर दोन हिरवे ठिपके पडले की त्यांच्यामधल्या अंतराशी ताडून त्याची लांबी मोजता येते. मासा न मारता, न धरता. डेकच्या कडेने एक फेरी, मग डेकखालच्या, विमानं ठेवायच्या हँगरच्या उघड्या दारासमोर एक फेरी, दोन्हींचं चित्रण घरी आणून मोजायचं. हँगरच्या आत जायची परवानगी मी मुलीला दिलेली नाही. केबल आत अडकली तर बेडूक कायमचा नौदलात भरती होईल. मोजणीतून जे दिसतं ते एवढंच: मनोऱ्यावर एकही दिसत नाही अशा दिवशीही हँगरच्या दारात काही असतात, आणि ते लहान नसतात. व्रण असलेले वर जास्त दिसतात की खाली, ते सांगायला माझं चित्रण अजून पुरत नाही. ते ज्यांना हवं त्या संशोधकांना मी ते देते, आणि ते कधी कधी प्रश्नही पाठवतात. त्यांतला सध्याचा प्रश्न असा की कॅमेऱ्याचा उजेड पाहून मासे आत सरकतात का. सरकत असतील तर मोजणी कमी भरते. म्हणून येत्या मोसमात लाल दिव्यांवर एक फेरी आणि पांढऱ्या दिव्यांवर एक फेरी करायची आहे. शोषणाच्या नळीचं रबर या उन्हाळ्यात चिरलंय, ते बदलायला काढलंय. बाबांनी मिरकरवाड्यावरून कुणाच्या तरी हाती ट्रॉलरच्या इंजिनचा जाड रबरी पत्रा पाठवलाय. तो इथल्या कस्टमवाल्यांना काय आहे ते समजावता समजावता येणाऱ्याची विमानतळावर पुरेवाट झाली.